दहा मॅटांचा योगवर्ग: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

सोसायटीच्या हॉलमध्ये, शाळेच्या रिकाम्या वर्गात किंवा घराच्या पुढच्या खोलीत चालणाऱ्या छोट्या योगवर्गांविषयी आम्ही वाचकांकडून प्रश्न मागवले होते. पत्रे शिकवणाऱ्यांचीही आली आणि शिकणाऱ्यांचीही. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र करून उत्तरे देत आहोत.

प्रश्न: योगशिक्षिकेचा अभ्यासक्रम नुकताच पूर्ण केला आहे. २२ बाय १४ फुटांची खोली मिळते आहे. ओळखीचे लोक म्हणतात, पंधरा-सोळा जण सहज मावतील. खरेच मावतील का? (डोंबिवली)

उभे राहायला मावतील, आसने करायला मावणार नाहीत. नेहमीची मॅट २ फूट रुंद आणि पावणेसहा फूट लांब असते. पण माणूस मॅटपेक्षा जास्त जागा घेतो. आडवे होऊन हात डोक्यामागे नेले की सहा फूटही अपुरे पडतात, आणि हात बाजूला पसरले की मॅटची रुंदीही पुरत नाही. म्हणून एका मॅटच्या मध्यापासून शेजारच्या मॅटच्या मध्यापर्यंत ४ फूट अंतर धरा.

तुमच्या खोलीत शिक्षकाने एका टोकाला उभे राहून समोर रांगा लावल्या, तर जागा वाया जाते आणि मागच्या रांगेचे पाय दिसत नाहीत. त्यापेक्षा दोन्ही लांब भिंतींकडे पाय आणि मध्याकडे डोकी अशा दोन रांगा करा. १४ फुटांतले ६ फूट एका रांगेला, ६ दुसरीला आणि मध्ये २ फुटांची वाट. २२ फुटांतले २ फूट कपाट आणि चपलांसाठी सोडले की प्रत्येक रांगेत ५ मॅट बसतात. म्हणजे एकूण १०. तुम्ही मधल्या वाटेने फिरायचे. वाटेने जाताना प्रत्येक साधक तुमच्यापासून सहा फुटांच्या आत येतो, आणि छोट्या वर्गाचे खरे बळ तेच आहे.

या मांडणीत हात एकमेकांना लागतात ते दोन ठिकाणी. त्रिकोणासनासारख्या उभ्या आसनांत मॅटच्या लांबीच्या दिशेने पाय फाकवायला सांगा, म्हणजे हातही त्याच दिशेला जातात. पाठीवर झोपून पीळ देताना दोन्ही हात सरळ पसरण्याऐवजी कोपरात वाकवून तळवे वर ठेवायला सांगा. डोक्याच्या बाजूला हात लांबवायचे असतील तेव्हा सगळ्यांना मॅटवर वीतभर खाली सरकायला सांगा.

जागा १० जणांची असली तरी पहिले दोन महिने ८ जणच घ्या, असे आमचे स्पष्ट मत आहे. नव्या साधकांपैकी प्रत्येकाचे गुडघे, मान आणि श्वास तुम्हाला एका आसनात निदान एकदा पाहायचा असतो. आसन वीस-तीस सेकंदच टिकते. तेवढ्यात आठ जणांवरून नजर फिरते, सोळांवरून फिरत नाही. ज्याच्याकडे पाहायचे राहून गेले, दुखापत नेमकी त्यालाच होते.

प्रश्न: आठ-दहा जणांत भाडे कसे निघणार? (नाशिक)

खोली दिवसभरासाठी घेतली तर कष्टानेच निघेल. एक मांडणी करून पाहू. भाडे १०,००० रुपये, वीज १,२००, साफसफाई १,५००, मॅट-चादरींची देखभाल ८००. महिन्याचा खर्च १३,५०० झाला. दिवसाच्या तीन तुकड्या, प्रत्येकी ८ जागा, म्हणजे २४. पण हिशेब २४ वर करू नका, १८ वर करा. शुल्क १,२०० धरले तर २१,६०० येतात आणि ८,१०० उरतात. आता मे महिना आणि दिवाळी आठवा. वर्षाचे उत्पन्न दहाच महिन्यांचे धरले तर २,१६,००० येतात आणि खर्च बारा महिन्यांचा, १,६२,००० जातो. शिल्लक ५४,०००, म्हणजे महिन्याला साडेचार हजार.

इथे लोक तुकडीत माणसे वाढवतात आणि वर्ग बिघडतो. त्याऐवजी भाडे फोडा. तासावर मिळणारा सोसायटीचा हॉल, मंगल कार्यालयाची वरची खोली किंवा सभामंडप बघा, नाहीतर तबला किंवा भरतनाट्यमच्या वर्गाबरोबर जागा वाटून घ्या. त्यांना संध्याकाळ हवी असते, तुम्हाला पहाट. शुल्क तिमाही घ्या. महिन्याच्या शुल्कावर आलेला माणूस दुसऱ्या आठवड्यात अंग दुखले की थांबतो. तिमाही भरलेला परत येतो, आणि शरीरात फरक जाणवायला तेवढे दिवस लागतातच.

कागदपत्रांचा बाऊ करू नका. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार दहापेक्षा कमी कामगार असतील तर ऑनलाइन सूचना देणे पुरते. सेवांची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर सर्वसाधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही. सोसायटीची लेखी परवानगी मात्र पहिल्याच दिवशी हाती ठेवा.

प्रश्न: माझ्या वर्गात साठीच्या पुढच्या बायका जास्त आहेत. वज्रासनात बसवत नाही, मांडी घातली की पाठ वाकते. विकतची साधने महाग आहेत. घरातल्या वस्तूंनी भागेल का? (सांगली)

बहुतेक सगळे भागेल. आसनाला आधार घेणे म्हणजे कमीपणा, ही समजूत आधी काढून टाका. पुण्यात १९७५ मध्ये सुरू झालेल्या बी. के. एस. अय्यंगारांच्या संस्थेने पट्टे, विटा, दोर, खुर्च्या वापरून अवघड आसने आजारी आणि वयस्क माणसांच्या आवाक्यात आणली. ती पद्धत जगभर पोहोचली, मग आपल्या गल्लीत वापरायला संकोच कशाला?

मांडी घातल्यावर पाठ वाकते, कारण गुडघे कमरेच्या वर राहतात आणि ओटीपोटाचे हाड मागे कलंडते. बैठक उंच करा. घरातला पाट घ्या, त्यावर चौघडी चादर घाला आणि बाईंना पाटाच्या पुढच्या कडेवर बसवा. पाटाच्या मध्यावर बसवले तर मांड्या अडकतात आणि गुडघे खाली येत नाहीत. गुडघे कमरेच्या रेषेखाली येईपर्यंत उंची वाढवत जा. तरी अधांतरी राहिले तर दोन्ही गुडघ्यांखाली उशा द्या, म्हणजे जांघा ताणून धराव्या लागत नाहीत.

वज्रासनात दुखते कुठे, ते विचारा. घोट्याच्या पुढे दुखत असेल तर घोट्याखाली टॉवेलची सुरळी. गुडघ्यामागे दाटत असेल तर पोटरी आणि मांडीच्या मध्ये जाड घडी. गुडघ्याच्या आत टोचत असेल तर आधार शोधत बसू नका, त्या दिवसापासून वज्रासन बंद. गुडघ्याचा सांधा बदललेल्या बाईंना खुर्चीवरच बसवा.

चादर सोलापुरी घ्या. ती सुती आणि घट्ट विणीची असल्याने घडी टिकते. मऊ लोकरी-मखमली ब्लँकेट अंगाखाली सरकते आणि दबून सपाट होते. लोड आणि तक्क्या घरात असतीलच. लोड कापसाने गच्च भरलेला हवा. छातीखाली घेतल्यावर तो दोन-तीन इंचांनी बसत असेल तर पुन्हा भरून घ्या. पट्ट्याऐवजी सुती ओढणी चालते, नायलॉनची हातातून निसटते. विटेसाठी सुताराकडून ९ बाय साडेचार बाय ३ इंचांचा लाकडी ठोकळा कापून घ्या आणि कडा घासून गोल करून घ्या.

एकाच वस्तूला आमचा ठाम नकार आहे, ती म्हणजे प्लास्टिकची खुर्ची. फरशीवर तिचे पाय फाकतात आणि पुढे झुकलेल्या माणसासकट ती घसरते. लोखंडी घडीची खुर्ची, चारही पायांना रबरी टोप्या, खाली मॅट आणि पाठ भिंतीला टेकलेली, एवढे जमले तरच खुर्ची वापरा. सतरंजीही गुळगुळीत फरशीवर थेट अंथरू नका, ती उभ्या आसनात पायाखालून निघते.

प्रश्न: कपालभाती करताना चक्कर येते, बोटांना मुंग्या येतात. वर्गात एका दमात ३०० वेळा करवतात. "विष बाहेर पडतंय, थांबू नका," असे सांगतात. हे बरोबर आहे का? (छत्रपती संभाजीनगर)

नाही. थांबायलाच हवे. चक्कर आणि मुंग्या म्हणजे विष बाहेर पडणे नव्हे. गरजेपेक्षा जास्त हवा आत-बाहेर झाली की रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो. त्यामुळे मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आकसतात आणि डोके हलके होते. त्याच कारणाने ओठांभोवती आणि बोटांत मुंग्या येतात. अशा वेळी क्रिया सोडून द्या, डोळे उघडा, पाठ टेकून शांत नैसर्गिक श्वास घ्या. काही मिनिटांत बरे वाटते. बरे वाटले नाही किंवा छातीत दुखले तर डॉक्टरांकडेच जा.

चूक बहुधा श्वास घेण्यात असते. कपालभातीत फक्त उच्छ्वास जोराचा असतो. ओटीपोट झटक्याने आत जाते आणि हवा नाकातून बाहेर पडते. पोट सैल सोडले की श्वास आपोआप आत येतो, तो ओढायचा नसतो. तुम्ही श्वासही जोरात घेत असाल तर ती भस्त्रिकेच्या जवळची क्रिया होते आणि चक्कर लवकर येते. तपासायचे असेल तर एक तळहात बेंबीखाली आणि दुसरा छातीवर ठेवा. खालचा हात हलला पाहिजे, वरचा जवळजवळ स्थिर राहिला पाहिजे. खांदे उडत असतील, कपाळाला आठ्या पडत असतील किंवा प्रत्येक झटक्याला डोके हलत असेल तर वेग तुमच्या ताब्यात नाही.

प्रमाण असे ठेवा. पहिला आठवडा १५ झटके, सेकंदाला एकापेक्षा जास्त नाही, मग निदान एक मिनिट साधा श्वास. अशी तीन आवर्तने. पुढे २०, ३० करत महिन्याभराने ४० पर्यंत जा. शेवटचे पाच झटके पहिल्या पाचांइतके स्वच्छ येत नसतील तर संख्या कमी करा. भरपेट जेवणानंतर चार तास तरी जाऊ द्या.

हठयोगाच्या जुन्या ग्रंथात, हठप्रदीपिकेत, कपालभाती प्राणायामात येत नाही, धौती, बस्ती, नेती, त्राटक, नौली यांच्यासोबत षट्कर्मांत येते. ती शुद्धिक्रिया आहे. प्राणायामाला बसण्याआधी थोडी करायची आणि पुढे जायचे. तिलाच तासभराचा व्यायाम करून टाकल्यामुळे ही ३००-५०० ची मोजणी आली.

उच्च रक्तदाब, हृदयविकार, अपस्मार, हर्निया, काचबिंदू, गरोदरपण, पोटाची किंवा डोळ्याची अलीकडची शस्त्रक्रिया, यांपैकी काहीही असेल तर कपालभाती करू नये. पाळीच्या दिवसांतही सोडावी. त्याऐवजी भ्रामरी (भुंग्यासारखे गुणगुणत श्वास सोडणे) करा, किंवा चार अंक मोजत श्वास घेऊन सहा अंकांत सोडा. मध्ये श्वास रोखू नका. ज्या शिक्षकांना वर्गात हे प्रश्न विचारायला संकोच वाटतो त्यांनी प्रवेशाच्या कागदावर छापून घ्यावेत आणि दर तीन महिन्यांनी नव्याने भरून घ्यावेत. रक्तदाबाची गोळी मधल्या काळात सुरू झालेली असते आणि कोणी आपणहून सांगत नाही.

प्रश्न: पावसाळ्यात वर्गातल्या मॅटना वास येतो. गेल्या वर्षी दोघींना गजकर्ण झाले. फिनाइलने पुसले तरी फरक नाही. (रत्नागिरी)

फिनाइल बंद करा. त्याचा थर मॅटवर राहतो, त्यावरून पाय घसरतो आणि कातडी चुरचुरते. एक लिटर पाण्यात अर्धा चमचा भांडी घासायचा द्रवसाबण घाला, पिळलेल्या फडक्याने दोन्ही बाजू पुसा, मग साध्या पाण्याच्या फडक्याने पुन्हा पुसा. ही दुसरी पुसणी टाळली की मॅट गुळगुळीत होते. नंतर दोरीवर टाकून पंख्याखाली तीन-चार तास वाळवा. वास येतो तो मुख्यतः ओलसर मॅट गुंडाळून ठेवल्याने. पावसाळ्यात मॅट गुंडाळूच नका, दांडीवर टांगून ठेवा. रबरी मॅट कडक उन्हात टाकू नये, तिला भेगा पडतात.

गजकर्ण बुरशीमुळे होते आणि सामायिक मॅट, टॉवेल, चादरीवरून पसरते. जून ते सप्टेंबर प्रत्येकीने स्वतःची मॅट आणावी, हा नियमच करा. चादरी आठवड्याला गरम पाण्यात धुवा. ज्यांना चट्टे आहेत त्यांनी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे. औषधांच्या दुकानातून आपल्या मनाने घेतलेल्या मलमात स्टिरॉइड असले तर खाज थांबते आणि चट्टा मात्र पसरत राहतो.

प्रश्न: वर्गात जलनेती (एका नाकपुडीतून मिठाचे कोमट पाणी घालून दुसरीतून बाहेर काढणे) शिकवावी का? पाणी नाकात झोंबते अशी तक्रार येते. (ठाणे)

कृती दाखवा, पण पात्र ज्याचे त्याचे आणि सराव घरी. एकच नेतीपात्र दहा जणांत फिरवू नका.

झोंबते ते मिठाच्या चुकीच्या प्रमाणामुळे. शरीरातल्या द्रवांशी जुळणारे प्रमाण लिटरला ९ ग्रॅम आहे. अर्ध्या लिटरला साडेचार ग्रॅम, म्हणजे बारीक मिठाचा सपाट चहाचा चमचा थोडा कमी भरून. खडे मीठ घेतले तर चमच्याचे माप चुकते, ते वजन करूनच घ्या. पाणी मनगटाच्या आतल्या बाजूला कोमट लागले पाहिजे.

पाणी पाच मिनिटे खळखळ उकळून झाकून निववलेले हवे. नळाचे थेट नको, फिल्टरचेही नको. क्वचित पाण्यात असणारा एक अमीबा प्यायल्याने अपाय करत नाही, पण नाकावाटे मेंदूत पोहोचला तर जीवघेणा ठरतो. हा धोका दुर्मीळ आहे, पण पाणी उकळल्याने तो टळतो.

तोंडाने श्वास घेत राहा, पाणी वाहताना बोलू नका, गिळू नका. नंतर उभे राहून कमरेतून वाका आणि दोन्ही नाकपुड्या मोकळ्या ठेवून १०-१५ हलके उच्छ्वास करा. एक नाकपुडी दाबून जोरात शिंकरले तर पाणी कानाकडे चढते. कान दुखत असताना, घोळणा फुटत असेल तर किंवा नाक पूर्ण बंद असताना नेती करू नये.

प्रश्न: आसनांना आधार म्हणून भिंतीला दोर लावायचे आहेत. इमारत नवी आहे. (पिंपरी)

नव्या इमारतींच्या भिंती बहुधा सायपोरेक्सच्या हलक्या ठोकळ्यांच्या असतात. त्यात साधा फास्टनर धरत नाही. दोरावर झुकलेला ६०-७० किलोचा माणूस हुक खाली नाही, बाहेर ओढतो, तोही हिसक्याने. हुक काँक्रीटच्या खांबात किंवा तुळईतच बसवा आणि इमारतीच्या अभियंत्याला विचारूनच भोक पाडा. तसा खांब नसेल तर दोराचा नाद सोडा. खिडकीच्या ग्रिलला किंवा दाराच्या कडीला ओढणी बांधणे तर अजिबात नको. अधोमुख श्वानासनात हात भिंतीला टेकवून बराचसा तोच फायदा मिळतो.

प्रश्न: सकाळी ६ च्या तुकडीत मधुमेहाचे तीन जण आहेत. पोट रिकामे हवे, की काही खाऊन यावे? (लातूर)

इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांना रिकाम्या पोटाचा नियम लावू नका. त्यांनी घरून साखर मोजून यावे. १०० च्या खाली असेल तर अर्धे केळे किंवा दोन बिस्किटे खाऊन यावे आणि पहिली वीस मिनिटे पुढे वाकण्याची आसने टाळावीत. औषधाच्या वेळा मात्र त्यांचे डॉक्टरच ठरवतील.

थरथर, थंड घाम, चिडचिड, डोळ्यांपुढे अंधारी ही साखर उतरल्याची खूण आहे. तीन चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच द्या. १५ मिनिटांनी पुन्हा मोजा, ७० च्या खाली असेल तर पुन्हा तेवढीच द्या. बरे वाटल्यावर पोळी किंवा बिस्किटे. साखरेऐवजी कृत्रिम गोडव्याच्या (शुगर-फ्री) गोळ्या विरघळवून उपयोग नाही. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालू नका, कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा.

सर्वांत फसवी वेळ शवासनाची. साखर उतरलेला माणूस आणि झोप लागलेला माणूस सारखाच दिसतो. या तिघांना दाराजवळच्या मॅट द्या, शवासनात दर दोन मिनिटांनी त्यांच्याकडे पाहा आणि शेवटी नाव घेऊन उठवा. उत्तर आले नाही तर "झोपू दे" म्हणून सोडू नका.

प्रश्न: पश्चिमोत्तानासनात, म्हणजे पाय लांब करून बसून पुढे वाकताना, सर पाठीवर हात ठेवून दाबतात. मला आवडत नाही आणि कंबरही दुखते. सांगू कसे? (पुणे)

वर्ग सुरू होण्याआधी एवढेच सांगा, "सर, मला हात लावून दुरुस्ती नको, तोंडी सांगा." कारण देण्याची गरज नाही. हे ऐकून घेतले गेले नाही तर वर्ग सोडा आणि राहिलेले शुल्क परत मागा. स्पर्शामागचा हेतूच वाईट वाटला तर जागा देणाऱ्या सोसायटीला लेखी कळवा, गरज पडली तर पोलिसांत जा.

दाबण्याने आसन सुधारतही नाही. तुमच्या मांडीमागचे स्नायू आखडलेले असतील तर कंबरेतून वाकण्याची मर्यादा तिथेच येते. वरून दिलेला जोर मग कण्याच्या चकत्यांवर आणि बैठकीच्या हाडाशी असलेल्या स्नायूंच्या मुळावर जातो. तिथली दुखापत महिनोन्‌महिने बरी होत नाही. हाडे ठिसूळ झालेल्या बाईंच्या पाठीवर असा दाब पडला तर मणका दबून मोडू शकतो. तुम्ही चौघडी चादरीवर बसा, गुडघे थोडे वाकवा, तळपायांना ओढणी लावून दोन्ही टोके धरा आणि कपाळ लोडावर टेकेल इतकेच वाका. कंबर दुखायची थांबेपर्यंत ओढणी सोडून पायाचे अंगठे धरायला जाऊ नका.